पत्त्याची ओळ

शेवंतामावशींचं मानखुर्दचं घर, हातात सगळे पुरावे असताना, पाडलं गेलं. सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता. त्यावर मी पुस्तक लिहिलं. कुणी छापेना, म्हणून स्वतःच छापलं.

आज मोर्च्याचे फलक लिहिताना काळ्या मार्करचा वास आला आणि घाटकोपरचा तो छापखाना आठवला. बाइंडिंगचा गोंद अजून ओला होता. मावशी हौसेनं पुस्तक बघायला आल्या होत्या. मी त्यांचं पान वाचून दाखवलं. संघटनेच्या पत्रकात आम्ही साक्षीदाराचं नाव पत्त्यासकट टाकतो, म्हणजे कुणी खोटं म्हणू शकत नाही. त्याच सवयीनं पुस्तकातही टाकलं होतं.

"अगं, हा तर आत्ताचा पत्ता!" मावशींचा आवाज बसला. "घर पाडल्याची केस मागं घे म्हणून बिल्डरची माणसं मला शोधतायत. तुला सांगितलं नव्हतं का गं?"

सांगितलं होतं. तरीही प्रूफवर सही मीच केली होती.

जमिनीवर बसून आम्ही प्रत्येक प्रतीतली ती ओळ काळी केली. माझी रेघ सारखी ओळीबाहेर जात होती.

"नीट खोड," मावशी म्हणाल्या. "भाषणात बरा नाही कापत हात!"

तेव्हा वाटलं, निभावलं. पण त्याच सकाळी, सगळ्यात आधी तयार झालेल्या पाच प्रती मी सभेत वाटल्या होत्या. कुणाला, ते आजही आठवत नाही. केस चालू आहे, मावशी तिथंच राहतात. दारावर थाप पडली की आधी मला फोन करतात, मग कडी काढतात.

तुमच्याकडे ते पुस्तक असेल, तर मावशींचं पान उघडा आणि पत्ता खोडा. आत्ता.