लामयाईचा मोहक डोळा

थायलंडमधल्या राचबुरीच्या बाजारात मोगऱ्याचे हार करणाऱ्या लामयाईचा डावा डोळा किंचित नाकाकडे झुकलेला. त्याला तिरळा कोणी म्हणत नसे. इतपत कल म्हणजे मोहिनी, असं तिकडे सगळेच मानतात. पोलिसातला देखणा नवरा आपण याच डोळ्याने गटवला, हे ती गिऱ्हाइकांना न विचारता सांगे. सुईत दोरा ओवताना मात्र हटकून चुके आणि शिव्या सुईला घाले.

धाकट्या बहिणीची पाच वर्षांची मुलगी फाई तिच्याकडेच वाढत होती. तिचाही डोळा तसाच. शाळेतल्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितलं. झुकलेल्या डोळ्याला आत्ताच कामाला लावलं नाही, तर पुढे मेंदू त्याला विचारेनासा होईल, म्हणाल्या. लामयाईने मान डोलावली आणि घरी येऊन पट्टी फडताळात टाकली. पूर्वपुण्याईने मिळालेलं रूप कोणी झाकतं का?

पुढच्या खेपेला दवाखान्यात बाईंनी फाईला काळसर चष्मा घातला, समोर फुलपाखराचं चित्र धरलं आणि पंख चिमटीत पकडायला सांगितलं. फाईने कागदावर बोटं घासली. लामयाईला राहवेना. तिने चष्मा मागून घेतला, तर तिचीही बोटं कागदावरच टेकली. छापलेला पंख पकडणार तरी कसा? मग नर्सने चष्मा लावला आणि कागदाच्या चार बोटं वर, हवेतच चिमूट धरली. लामयाई खो खो हसली. नर्स चळली असं म्हणत तिने दारावरच्या रखवालदाराला बोलावलं. त्यानेही हवेतच चिमूट धरली, तेव्हा तिचं हसू मावळलं.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ते वर आलेलं दिसतं?"

"हो मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही डोळे जोडीने बघतात ना, म्हणून."

"आणि मला?"

"तुमचं आता कठीण आहे. फाईला जमेलसं वाटतं. पण पट्टी लावता का तिला? खरं सांगा."

लामयाईने खरं ते सांगितलं.

बाहेर आल्यावर ती फाटकाजवळच्या चिंचेकडे बघत उभी राहिली. कुठली फांदी पुढे, कुठली मागे, हे लोकांना नुसतं बघून कळतं? एवढी वर्षं कोणी बोललं कसं नाही? तिला फार वाईट वाटलं, आणि तितकंच नवलही. मग तिने फाईला बाकावर बसवून बाईंनी दिलेली नवी पट्टी लावली.

"मावशी, सगळे हसतील मला."

"हसू देत. फुलपाखरू वर आलं की मला सांगायचं, कसं दिसतं ते."