पणजोबांची तिथी

मला मुळात धीर कमी. त्यात नवऱ्याच्या सॉफ्टवेअर कंपनीनं आम्हाला दोन वर्षांसाठी जपानला धाडलं आणि इचिकावाच्या दीड खोलीत मी दिवसभर एकटी. कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा हे पाठ झालं आणि मग करायला काही उरेना. तशात बाबांनी पुण्याहून फोनवर एक काम लावून दिलं. त्यापायी मी दीड वर्ष वणवण केली.

बाबांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, मुंबईच्या एका कापडाच्या पेढीचे कारकून म्हणून योकोहामाला आले होते. तिथे मोठा भूकंप झाला आणि पत्रं थांबली. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि पणजीचं कुंकू पुसलं. ती तोवर मुलाला घेऊन भावाकडे राहायला गेली होती. मामानं शाळेत भाच्याला आपलंच आडनाव लावलं, तेच पुढे आमचं झालं. बाबांना लहानपणी तिनंच सांभाळलं. हळदीकुंकवाला बायका आल्या की ती मागच्या दारी धुणं घेऊन बसायची, एवढं बाबा नेहमी सांगत.

पणजोबा कधी गेले हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांबरोबर. बाबांची बायपास झाल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. म्हणायचे, "एकदा तरी त्यांच्या खऱ्या तिथीला माझ्या हातानं पान वाढायचंय."

झालं. दर आठवड्याला गाड्या बदलत योकोहामा गाठायचं, टेकडीवरच्या परदेशी लोकांच्या दफनभूमीत जायचं आणि आमचं जुनं आडनाव शोधत दगडन्दगड वाचायचा. तिथला रखवालदार मला पाहिलं की वही काढून ठेवायचा. नवरा म्हणाला, ज्याला जाळलं असणार त्याला तू पुरलेल्यांत शोधतेयस. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. रविवारी बाबांचा फोन आला की नाही सापडले म्हणताना मीच चिडायचे, मग फोन ठेवल्यावर मलाच वाईट वाटायचं.

परत जायला दोन महिने उरले तेव्हा कुणीतरी एका म्हाताऱ्या भारतीय व्यापाऱ्याचं नाव सुचवलं. त्यांचं दुकान तीन पिढ्या योकोहामात होतं. मी आडनाव सांगितल्यावर ते हसलेच. त्या आडनावानं तो कारकून इथे मेलाच नाही, म्हणाले. आमच्या वडिलांच्या ओळखीचा होता तो. रेशमी रुमाल करणाऱ्यांकडे घरजावई गेला. त्यांना मुलगा नव्हता, तेव्हा इथल्या रीतीनं जावयानंच घराचं आडनाव घेतलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. इथे येणारीजाणारी प्रत्येक बाई मला माझ्या सासऱ्यांच्या आडनावापुढे आदराचं 'सान' लावून हाक मारत होती, आणि लग्न करून पुरुषाचंही आडनाव बदलू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते बायकांचं बदलायचं, असं मी धरूनच चालले होते.

रुमालवाल्यांच्या कुळाचं देऊळ सापडायला मग दोनच दिवस लागले. पुजाऱ्यानं मृतांची वही आणली. त्या घराचं आडनाव, मेल्यानंतर ठेवलेलं नवं नाव, तारीख आणि शेजारी बारीक अक्षरात 'भारतातून आलेला जावई'. मी तारीख उतरवून घेतली. इतका आनंद झाला की त्या पुजाऱ्याला चार वेळा वाकून नमस्कार केला.

परतीच्या गाडीत सहज हिशेब केला, मग पुन्हा एकदा केला. पणजी बाबांच्या मॅट्रिकच्या वर्षी गेली. हा माणूस त्यानंतर नऊ वर्षं जगला होता. पुतळा जाळला तेव्हा तो धडधाकट होता, बायकोमुलांत होता, आणि इकडे ती आयुष्यभर धुणं घेऊन मागच्या दारी. मला त्याचा संताप आला. नुसती तारीख सांगावी आणि वर्ष गाळावं, असंही मनात आलं. बाबांच्या छातीवर आणखी एक घाव कशाला? पण बाबांनी वर्ष विचारलं असतंच.

रविवारची वाटही पाहवेना. मीच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, वर्षासकट.

"म्हणजे आजी गेली तेव्हा ते होते," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

तारखेवरून तिथी काढता येईल, लिहून घ्या, असं मी म्हणाले. त्यांनी पेन शोधलं नाही. पितृपक्ष लागला होता. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा दिवस त्यात नवमीला येतो, आणि आमच्या घरात त्या दिवशी पणजीचं पान कधीच वाढलं गेलं नव्हतं.

"परवा अविधवा नवमी आहे," ते म्हणाले. "आजीच्या नावानं सवाष्ण जेवायला सांगतो. हिरवी साडी देऊ, कुंकू लावू."

मी विचारलं, आणि पणजोबांचं?

"त्यांचं अमावास्येला. सगळ्यांबरोबर."