सकाळचा डोस

नौशीन शेख बारा वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांचं रक्त काढते. पोरांच्या बारीक शिरा तिला नुसत्या बोटानं सापडतात.

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या काही पोरांना डिगॉक्सिन चालू असतं. कमी पडलं तर हृदय दमतं, जास्त झालं तर औषधच विष होतं. म्हणून ते रक्तात किती आहे ते तपासतात, आणि रक्त सकाळच्या डोसाआधी घेतात. नाहीतर आकडा उगाच मोठा येतो.

एका सोमवारी पिशोर गावची मोनिका हेच औषध चालू असलेल्या दीड वर्षाच्या कार्तिकीला घेऊन आली. एसटीत पोरीला दोनदा उलटी झाली होती. मागं वीसेक जणांची रांग. नौशीननं मान वर न करताच विचारलं, “सकाळचा डोस दिला नाय ना? दिला असंल तर उद्या या.”

“नाय ताई,” मोनिका म्हणाली.

आकडा बराच वर आला. त्यात उलट्या, म्हणजे औषध जास्त झाल्याचीच खूण. हृदयाचे डॉक्टर विश्वजीत यांनी औषध थांबवलं आणि शुक्रवारी परत बोलावलं. गुरुवारीच मोनिका धावत आली. कार्तिकीला श्वास पुरत नव्हता, पाय सुजले होते.

आयसीयूच्या दाराशी मोनिकानं नौशीनचा हात धरला. “ताई, मी दिला व्हता. सहा वाजता. एक बी डोस चुकवू नका, असं डॉक्टर म्हणले व्हते. तुम्ही उद्या या म्हणल्या. एवढ्या लांबून पुन्हा कसं यावं? म्हणून नाय म्हणले.”

नौशीन तशीच डॉक्टरांकडं पळाली. औषध पुन्हा सुरू झालं. पण आठव्या दिवशी दुपारी कार्तिकी गेली.

“हृदय आधीच दमलेलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “औषध थांबवल्यामुळंच गेली असं म्हणता येणार नाही.” मग म्हणाले, “नाही असंही म्हणता येणार नाही.”

डोसानंतर सहा-सात तासांनी आकडा खरा येतो, म्हणजे सहाला डोस दिला असता तरी त्याच दिवशी दुपारी रक्त घेता आलं असतं. नौशीनला हे माहीत होतं. रांग मोठी होती, म्हणून ती ‘उद्या या’ म्हणाली होती. आता ती आधी पोराच्या आईला बसवते, औषध किती वाजता दिलं ते विचारते आणि उत्तराची वाट बघते. रांगेतले ओरडतात.

महिन्याभरानं एका रविवारी ती पिशोरला गेली. मोनिकाचा नवरा सुदर्शन तिला बघून उठून बाहेर गेला. मोनिकानं चहा ठेवला.

“मी खरं सांगितलं असतं, तर वाचली असती का वं?”

“मला माहीत नाय,” नौशीन म्हणाली. “पण मी नीट विचारलं नाय. चूक माझी हाय.”

 मोनिकानं कप पुढं सरकवला. दोघी एसटीची वेळ होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.