पाण्यानं खाल्लेला पंप

कारखाना बंद झाला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. सांगलीकडून नोकरीसाठी बोईसरला आलो, इथंच संसार मांडला, फ्लॅट घेतला. परत जाण्यासारखं तिकडं काही उरलं नव्हतं. मग कुंभवलीच्या बाजूला एक गाळा भाड्यानं घेतला, जुना लेथ बसवला आणि मिळेल ते काम करू लागलो.

जुन्या गाड्यांचं काम योगायोगानं आलं. मुंबईच्या एका गृहस्थांच्या गाडीच्या काचेच्या हँडलमधलं दातेरी चाक तुटलं होतं. ती गाडी बनवणारी कंपनीच जगात राहिली नव्हती, तर चाक कुठून मिळणार? मी ते तुकडे जुळवले, दाते मोजले आणि नवं चाक करून दिलं. त्यांनी त्याचा फोटो जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. महिन्याभरात पुण्याहून, नाशिकहून फोन येऊ लागले. मला त्या ग्रुपवर घेतलं. 'जे कुठंच मिळत नाही ते बोईसरला मिळतं,' असं एकानं लिहिलं होतं. तो मेसेज मी बायकोला दोनदा वाचून दाखवला.

लेथवर होण्यासारखं होतं तोवर सगळं माझ्या हातात होतं. पण ओतीव भाग करायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. आम्ही त्याला पॅटर्न म्हणतो. तो वाळूत दाबून साचा करायचा, मग काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. मला पॅटर्न येत नव्हता. फाउंड्रीत वाळूचे साचे करणाऱ्या उत्तर प्रदेशच्या मोल्डरनं सांगितलं, "एडवण में एक मिस्त्री है. नाव बनाता था."

अशा रीतीनं मिस्त्री आमच्या गाळ्यात आले. माझ्याच वयाचे, काळेसावळे, कमी बोलणारे. वडिलांपासून लाकडी बोटी बांधायचं आणि दुरुस्त करायचं काम. किनाऱ्यावर फायबरच्या बोटी आल्या आणि त्यांचं काम आटलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं ड्रॉइंग हातात घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "सायेब, मूळ तुकडा द्या. माझा त्याच्याशी जमंल."

जमलंच. त्यांनी सागवानातून कोरलेले पॅटर्न पाहून मोल्डर मला विचारायचा, "उस्ताद ने बनाया ना?" उस्ताद म्हणजे मी नव्हे. मी तेव्हा हसायचो. पण एक दिवस मिस्त्री घरी आले होते, तर बायकोनं त्यांना पाहुण्यांच्या कपात चहा दिला आणि ते गेल्यावर म्हणाली, "काय हात आहेत हो त्या माणसाचे!" पंचवीस वर्षांत माझ्या हातांबद्दल तिनं काही म्हटल्याचं मला आठवेना. त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग त्याच ग्रुपवरून डॉक्टरबाई आल्या. पालघरच्या, प्रॅक्टिसमधून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांच्या वडिलांची एक लहानशी इंग्लिश गाडी शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. इंजिन त्यांनी दुरुस्त करून घेतलं होतं. अडलं होतं ते वॉटर पंपापाशी. इंजिनात पाणी खेळवणाऱ्या त्या पंपाची बिडाची बॉडी तडकली होती आणि आतून गंजली होती. बाईंनी ती जुन्या टॉवेलात गुंडाळून आणली होती.

मी ठरवलं, हे काम मी एकट्यानं करायचं. मिस्त्रींना कळवलंच नाही. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन तीन दिवस ती बॉडी मोजली, कॉम्प्युटरवर चित्र काढलं, वसईच्या एकाकडून थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा पॅटर्न छापून घेतला. बीड थंड होताना आकसतं, त्याचा हिशेबही बरोबर धरला. ओतकाम झालं, मी ते लेथवर साफ केलं. दिसायला इतकं देखणं झालं की मी लगेच ग्रुपवर फोटो टाकला. बेचाळीस जणांनी अंगठा दिला.

पंप गाडीला बसवला. इंजिन सुरू झालं, आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा लालवर गेला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. गळती नाही, तडा नाही, पण पाणी फिरतच नव्हतं. बाईंनी इंजिन बंद केलं. फक्त म्हणाल्या, "ग्रुपवर कुणीतरी एडवणच्या मिस्त्रींबद्दल लिहिलं होतं. त्यांना दाखवता येईल का?"

दुसऱ्या दिवशी बाई, मिस्त्री आणि मी गाळ्यात होतो. मिस्त्रींनी जुनी बॉडी मांडीवर घेतली आणि बोटं आत घातली. डोळे मिटून बराच वेळ चाचपत राहिले. मग माझी नवी बॉडी घेतली, तिच्यातही बोटं फिरवली.

"सायेब, तुमी गंज मोजलात," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आतनं ही बाजू पाण्यानं खाल्लेली हाय. तुमी जेवढी खाल्लेली तेवढीच नव्या मालात कोरलीत. पंखा आन् भिंत यांच्यात फट पडली. पाणी ढकलणार कसा?"

मी जुनी बॉडी खेचून घेतली आणि टॉर्च मारला. मी तीन दिवस शतांश मिलिमीटरपर्यंत जे मोजलं होतं, ते मूळ माप नव्हतंच.

"मग मूळ माप आणायचं कुठून?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "बोटीची फळी सडली का आमी सडकी बाजू मोजीत नाय. जिथं फळी लाकडाखाली दाबून बसलेली असते, तिथं पाणी पोचत नाय. तिथं मोजतो." त्यांनी बॉडीच्या एका कोपऱ्यात नखानं खरवडलं. तिथं जोडात बसवलेल्या गॅस्केटच्या कडेखाली बोटभर जागा जुन्या चिवट थरानं झाकून राहिली होती, आणि खाली कारखान्यात मशीननं कापल्याची मूळ रेघ अजून शाबूत होती. त्या एवढ्याशा जागेवरून त्यांनी सगळ्या भिंतीची जाडी धरली. बाई स्टुलावर बसून दोन तास त्यांचं काम बघत होत्या, प्रश्न विचारत होत्या. माझ्या कॉम्प्युटरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दुसरा पंप झाला. पॅटर्न मिस्त्रींचा, लेथचं काम माझं. इंजिन अर्धा तास चाललं तरी काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. बाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'एडवणच्या मिस्त्रींनी माझ्या वडिलांची गाडी मला परत दिली.' खाली माझंही नाव होतं, 'यांच्या मदतीनं' असं.

तो शब्द कुसळासारखा टोचत राहिला. मदतीनं! गाळा माझा, लेथ माझा, गिऱ्हाईक माझं.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "रविवारी सकाळी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढतेय. तुम्ही दोघंही या. पहिली फेरी तुमच्याबरोबर."

मी हो म्हटलं, आणि मिस्त्रींना सांगितलं नाही. शनिवारी ते दिवसभर माझ्या समोर रंधा मारत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. संध्याकाळी ते "येतो सायेब" म्हणून निघाले तेव्हाही मी गप्प राहिलो.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच पालघरला पोचलो. बाईंनी माझ्या मागं पाहिलं. "मिस्त्री?"

"त्यांना जमलं नाही. एका बोटीच्या दुरुस्तीचं काम निघालं."

बाईंचा चेहरा क्षणभर उतरला, आणि लगेच उजळला. "मग आपणच एडवणला जाऊ की! कुठंतरी जायचंच आहे. बोट दुरुस्त करताना बघता येईल."

नको म्हणायला मला कारण सुचलं नाही. पालघरजवळच्या माहीमवरून केळव्याच्या रस्त्याला लागलो. बाई खुशीत होत्या, लोक थांबून गाडीकडे बघत होते, आणि मी शेजारी बसून तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. मला कबूल करायलाच हवं की मी मनात म्हणत होतो, चढ. आणखी थोडा चढ. गाडी तापली तर इथूनच परत फिरता येईल. त्या पंपावर माझं स्वतःचंही काम होतं, तरीही तो बंद पडावा असं मला वाटत होतं. काटा हलला नाही.

मिस्त्री घराच्या अंगणात बसून कुणाच्या तरी दाराची चौकट तासत होते. लुंगी आणि बनियनवर. गाडी पाहून उठून उभे राहिले.

बाई उतरल्या. "आटपलं का बोटीचं काम?"

मिस्त्रींनी आधी बाईंकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"हो बाई," ते म्हणाले. "सकाळीच आटपला."

मग बाईंनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला गाडीत बसवलं. मागची सीट इतकी लहान की मला जागा उरली नाही. मी आपण होऊनच म्हटलं, मी थांबतो. ते तिघं किनाऱ्याच्या रस्त्यानं फेरी मारून आले तोवर मी त्या अंगणात उभा होतो. शेजारची माणसं मला खुर्ची देत होती, पाणी विचारत होती. मिस्त्रींचा सायेब म्हणून. मला बसवेना.

परत आल्यावर मिस्त्रींच्या बायकोनं बाईंना वाळत घातलेले बोंबील दाखवायला मागं नेलं. अंगणात आम्ही दोघंच उरलो. मिस्त्री पुन्हा चौकटीपाशी बसले.

"सायेब, मला बोलवायचा नव्हता तर नका बोलवू," ते हळू आवाजात म्हणाले. "पण बोटीवर नका पाठवू. इथं लाकडाची एक बोट नाय राहिली आता. मी कुणाची दुरुस्त करू?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते तासणीनं लाकूड काढत राहिले. मी तिथं उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्या वेळीसुद्धा मला लाजेबरोबर हेवाच वाटत होता. मी खोटं बोललो ते स्वतःला मोठं करायला. त्यांनी मला वाचवायला खोटं सांगितलं, तेही क्षणाचाही विचार न करता. इथंही त्यांचाच हात वरचा.

परतीच्या वाटेवर केळव्याच्या पुढं मी बाईंना सांगून टाकलं. "बोटीचं काम नव्हतं. मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

बाईंनी गाडी हळू केली. "का?"

"तुम्ही त्यांचं नाव वर लिहिलंत म्हणून."

त्यांनी पुढचं वळण घेतलं. मग म्हणाल्या, "मघाशी जाताना वाटलं, तुम्हाला पंपाची काळजी वाटतेय. सारखे काट्याकडे बघत होतात."

ती काळजी नव्हती, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

सोमवारी मिस्त्री आले नाहीत. मंगळवारीही नाही. मोल्डर विचारायचा, "उस्ताद बीमार है क्या?" बायकोनं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग इथं काय बसलाय? जा." आठव्या दिवशी मी बसनं एडवणला गेलो आणि त्यांच्या अंगणात बसून, अडखळत, माफी मागितली. ते म्हणाले, "बरा. पण आता कोण विचारील तर माझा नंबर त्याला द्यायचा."

मी ग्रुपवर त्यांचा नंबर टाकला. फाउंड्रीच्या दारात पॅटर्न हातात घेऊन उभे असलेल्या त्यांच्या फोटोसकट. आता कामं त्यांच्याकडे थेट येतात. कोल्हापूरहून, इंदूरहून. ते पॅटर्न करतात, ओतून घेतात आणि लेथच्या कामासाठी माझ्याकडे आणतात. एका अर्थी मीच आता त्यांच्यासाठी काम करतो. चाललंय चांगलं. त्यांचा फोन वाजला की लेथ हळू करून मी अजून कान देतो, ती खोड मात्र गेलेली नाही.

मागच्या आठवड्यात ते एक ब्रॅकेट आणि त्याचा जुना बोल्ट घेऊन आले. बोल्टाचे आटे हल्लीच्या कुठल्याच नटाला लागत नव्हते. "ह्यातला मला काय कळत नाय सायेब," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. जुने इंग्लिश आटे होते. मी पाहताक्षणी ओळखले. तरीही मी आटे मोजायचे गेज काढले, एकेक पातं लावून पाहिलं, भिंग घेतलं, वहीत आकडे लिहिले. मिस्त्री माझ्या हातांकडे बघत बसून होते. दोन मिनिटांचं काम मी अर्धा तास पुरवलं.