वलांडीवरचा सहावा खंड

वसईतल्या पाचूबंदरच्या कमळीकडून मासळी घ्यायची तर हाताशी वेळ काढून ठेवावा लागतो. सुरमईचे तुकडे पाडता पाडता ही बाई तुर्कस्तानातला चहा सांगणार, जपानी लोकांच्या अंघोळी सांगणार आणि वर विचारणार, तुमच्यात नव्या नवरीला पहिल्या दिवशी काय रांधायला लावतात? अमिषाबेनचं उंधियू असो की ग्लोरियाबाईंचं लोणचं, गिऱ्हाइकांकडून सगळं हिला खोलात जाऊन हवं. एका पापलेटावर एक देश फुकट, असं ग्लोरियाबाई चेष्टेनं म्हणतात. कमळीची शाळा आठवीत सुटली, वाचायची खोड काही सुटली नाही. औषधाच्या डबीतला कागद, चर्चचं पत्रक, देवळातली देणगीदारांची नावं, दिसेल ते वाचायचं.

अशा बाईला काशीरामकाका भेटले, म्हणजे भुकेल्याला पंगतीचं बोलावणंच की! काका कोर्टातले निवृत्त कारकून. गळ्यात माळ, घरात मासळीचं नावसुद्धा निघायचं नाही. पण कपाटात एका जुन्या प्रवाशानं लिहिलेले जगप्रवासाचे बारा जाडजूड खंड. ते ओसरीवर वाचत बसलेले असताना कमळीनं फाटकाबाहेरूनच विचारलं, यात लिहिलंय तरी काय. स्वतःच वाचून बघा, म्हणाले. अट एकच घातली, एका वेळी एक खंड, आणि नेला तसा परत यायला हवा. नाहीतर पुढचा मिळणार नाही. माणूस शब्दाचा पक्का. पानाचा कोपरा दुमडला म्हणून सख्ख्या भाच्याची पुस्तकं त्यांनी कायमची बंद केली होती.

पाच खंड कमळीनं तळहाताच्या फोडासारखे जपले. सहाव्यात प्रवासी नॉर्वेत पोचला. तिथले कोळी म्हणे दोन-दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवावर सुकायला टांगतात. कमळी चुलीपाशी एकटीच खो-खो हसली. आम्ही बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवतो, हे शेपट्या बांधतात, एवढाच काय तो फरक! पण खंड संपता संपता वादळ उठलं आणि प्रवाशाचा सोबती होडीसकट बेपत्ता झाला. तो जगला की बुडाला, हे सातव्या खंडात. जिचा स्वतःचा नवरा, गंगाराम, आठ-आठ दिवस समुद्रात असतो, तिला हे कसं सोसावं?

म्हणून दुसऱ्याच दिवशी सहावा परत करायला ती निघाली. पुस्तक पिशवीत घालून पाटीच्या कडेला खोचलं, आणि पिशवीलाच भोक. बर्फाचं पाणी पाझरलं आणि निम्मा खंड ओला झाला. कमळी अर्ध्या वाटेतून मागं फिरली. आता पाचूबंदरच्या बाईनं ओली वस्तू कुठं सुकवावी? खणखणीत ऊन, खारा वारा, समोर बोंबील सुकवायची बांबूची वलांडी. तिनं पुस्तक मधोमध उघडून बोंबलांच्या रांगेत दोरीवर घातलं. संध्याकाळपर्यंत कडकडीत सुकलं, पानंसुद्धा फारशी वाकली नाहीत. स्वतःच्या अकलेवर ती बेहद्द खूश झाली.

तेवढ्यात मनवेलपाड्याच्या माहेराहून सून आली, दिपिका. तिनं पुस्तक उचललं आणि पदर नाकाला लावला. म्हणाली, आई, हे वाचायचं की कालवण करायचं? कमळीनं हुंगून पाहिलं, तिला कसलाच वास येईना. जन्मापासून बोंबलात वाढलेलं नाक ते! मग पावडर झाली, उदबत्ती झाली, डांबराच्या गोळ्या झाल्या. सून म्हणाली, आता बोंबील लग्नाला निघाल्यासारखा वाटतो.

सकाळी ती काकांच्या फाटकाशी उभी राहिली. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण जीभ रेटेना. उरलेले सहा खंड आणि समुद्रात हरवलेला तो माणूस, सगळं हातचं जाणार होतं.

"काका, याला पानी लागलं. मीच बोंबलाबरोबर सुकवलं. मना वास येत नाय, पन आहे म्हनतात."

काकांनी पुस्तक हातात घेतलं. उघडलं मात्र, मान झटक्यानं मागं गेली. कमळीनं डोळे मिटून घेतले. मग हळूच उघडून पाहते तर काका नॉर्वेचं पान काढून बसलेले, आणि पान थेट नाकाशी.

"चाळीस वर्षं हे पान वाचतोय मी," ते म्हणाले. "तिथं वास येत असेल, हे कधी मनातच आलं नाही."

मग त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. किती दिवस सुकतात, पाऊस आला तर काय, कावळ्यांचं काय करता. कमळी सांगत गेली. अखेर काका आत गेले, सातवा खंड आणून त्यांनी तिच्या हातात ठेवला आणि तिथंच घुटमळले.

"पाचूबंदर इथून किती लांब?"

"चालत गेलं तर अर्धा तास."

"जन्म वसईत गेला माझा, कमळीबाई," काका चपला शोधत म्हणाले, "आणि मी आधी नॉर्वेला पोचलो."