डोळे करणाऱ्याचा मेहुणा

दाजी डोळे करायचे. अपघातात, आजारपणात किंवा मारामारीत ज्यांचा एक डोळा गेला, अशी माणसं दवाखान्याची चिठ्ठी घेऊन त्यांच्या खोलीचा जिना चढत आणि परत जाताना दोन डोळ्यांची होऊन जात. त्यातल्या एका डोळ्यानं काही दिसायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

खोलीत खिडकीशी एक खुर्ची होती, टेबलावर रंगाच्या ट्यूबा, चार केसांचे ब्रश आणि लाल रेशमाचं रीळ. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं आणि त्याच्या शाबूत डोळ्यात बघत बघत टिकलीएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी रेशीम उसवून त्याचे तंतू एकेक करून बसवायचे. एवढं करूनही डोळा कित्येकदा मेल्या माशासारखा दिसायचा. मग तो ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यामुळे जग आपोआप झालं असं कोणी म्हणालं, की दाजींचं डोकं फिरायचं.

आणि असं म्हणणारा माणूस घरातलाच होता, बायकोचा, म्हणजे ताईचा, धाकटा भाऊ. शाळेत विज्ञान शिकवायचा म्हणून सगळा गोतावळा त्याला मास्तर म्हणायचा. लग्न केलेलं नसल्यामुळे त्याचे रविवार रिकामे असत आणि ते तो बहिणीच्या घरी दाजींचं डोकं खाण्यात घालवायचा.

"एक डोळा करताना माझी कंबर मोडते," दाजी म्हणायचे, "आणि तोही आंधळा. मग बघणारे डोळे, सूर्य, तारे, एवढा सगळा पसारा कोणी केल्याशिवाय होईल?"

"बरं, कोणीतरी केला," बिस्कीट चहात बुडवत मास्तर म्हणायचा. "मग त्याला कोणी केलं?"

"त्याला कोणी कशाला करायला पाहिजे? तो आहेच."

"म्हणजे केल्याशिवाय काहीच होत नाही, तुमचा करणारा तेवढा सोडून. सूट द्यायचीच असेल तर मी ती थेट जगाला देतो, दाजी. मधे दलाल कशाला?"

इथे दाजींकडचा दारूगोळा संपायचा आणि ते आवाज चढवायचे. मास्तरकडेही सगळ्याची उत्तरं होती असं नाही. सगळं सुरू व्हायच्या आधी काय होतं, असं ताईनं विचारलं की तो "माहीत नाही" म्हणायचा; पण तेही अशा ऐटीत, की दाजींना तेच जास्त झोंबायचं. शेवटी ताई कपबशा उचलत म्हणायची, "हा चहा मी केला. एवढ्यावर तरी तुम्हा दोघांचं एकमत आहे ना?"

दाजींचा खरा मुद्दा मात्र वेगळा होता आणि तो त्यांनी मास्तरला कधीच सांगितला नव्हता, कारण मास्तर हसला असता. आपण केलेला प्रत्येक डोळा ते वर्षातून एकदा परत बोलावून घ्यायचे. ओरखडे घासून काढायचे, पॉलिश करायचे, खोबणीत नीट बसतो ना ते बघायचे. कोणी आलं नाही तर यांचाच जीव खालीवर. करणाऱ्याचा जीव केलेल्या वस्तूत अडकतोच, हे त्यांना हातानं कळलेलं होतं. मग ज्यानं सगळंच केलं, त्याचा अडकला नसेल?

आणि मग मास्तरला काचबिंदू निघाला. जन्मभर पोरांना फळ्यावर डोळ्याची आकृती काढून दाखवणाऱ्या या गृहस्थानं स्वतःचे डोळे एकदाही तपासून घेतले नव्हते. डावा डोळा केव्हाच गेला होता आणि आता इतका ठणकत होता, की डॉक्टरांना तो काढावा लागला. उजव्याला झळ लागलेली होती, पण त्याची आशा होती.

मास्तर खिडकीशी खुर्चीत येऊन बसला. "चला," तो म्हणाला, "निदान या डोळ्याचा कर्ता तरी मी समोर बघतोय."

"गप्प बस आणि खिडकीकडे बघ," दाजी म्हणाले.

उजव्या डोळ्यावरून त्यांनी डावा केला. इतक्या वर्षांत मेहुण्याच्या डोळ्यात असं निवांत बघायची वेळ कधी आलीच नव्हती. बुबुळ मधाच्या रंगाचं होतं आणि खालच्या कडेला तपकिरी ठिपका. बघता बघता दाजींनी मनाशी ठरवून टाकलं, हा डोळा वाचला पाहिजे. वाचला, तर वर कोणीतरी आहे आणि त्याला स्वतःच्या कामाची काळजी आहे. त्यांनी मेहुण्याच्या डोळ्यावर आपलं सगळं काही लावलं आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही.

थेंब झाले, शस्त्रक्रिया झाली, ती फसली म्हणून पुन्हा झाली. ताईनं बशीत दिलेलं बिस्कीट मास्तर चाचपून शोधू लागला. भर दुपारी "दिवा लाव ना गं" म्हणू लागला आणि ताई लागलेल्या दिव्याचं बटण उगाच खालीवर करू लागली. दाजी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी हात जोडून उभे राहायचे. मागणं एवढंच, की तुझी वस्तू आहे, तू बघ. कोणी बघितलं नाही. उजवा डोळाही विझला, मग ठणकू लागला आणि तोही काढला.

"आता कशाला?" मास्तर म्हणाला. "मला कुठे आरशात बघायचंय."

"मला बघायचंय," ताई म्हणाली.

आता दाजींची पंचाईत झाली. बघून करायला डोळाच उरला नव्हता. शेवटी त्यांनी आपणच केलेला डावा डोळा काढून टेबलावर ठेवला आणि त्यावरून उजवा करायला घेतला. ठिपका कुठे होता ते आठवून आठवून रंगवला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "खिडकीकडे बघ." मास्तरनं मुकाट्यानं मान वळवली. चुकून तो कपाटाकडे तोंड करून बसला. दाजींनी उठून त्याची हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली.

दोन्ही डोळे बसवले त्या दिवशी ताईनं भावाकडे एकदा बघितलं, "अगदी होता तसा," एवढं म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघरातला नळ उगाचच चालू राहिला.

"कसे झालेत?" मास्तरनं विचारलं.

"चांगले झालेत."

मास्तर खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "दाजी, ते तुमचं बोला ना. केल्याशिवाय काही होत नाही, ते."

दाजी चपापले. गेले कित्येक दिवस त्यांनी हात जोडले नव्हते. वर कोणी नाही, आणि असलाच तर त्याचे डोळे आपण करतो तसलेच असणार, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. आज मास्तरला सांगायचं होतं, की बाबा, तू जिंकलास. पण समोरचा चेहरा बघून ते त्यांच्या तोंडून निघेना.

"एक डोळा करताना माझी कंबर मोडते," त्यांनी सुरुवात केली. आवाज परका वाटत होता, पण शब्द पाठ होते. सूर्य आला, तारे आले, एवढा पसारा आला. "मग कोणी केल्याशिवाय होईल?" एवढं बोलून ते सवयीनं थांबले.

मास्तर ऐकत होता. वर्गातलं पोर ऐकतं तसा, मान थोडी पुढे काढून.

"पुढे?" तो म्हणाला.

"पुढे काही नाही. पुढे तू विचारतोस, त्याला कोणी केलं म्हणून."

दाजी वाट बघत राहिले. शिव्या घातल्या असत्या, हसला असता, तरी चाललं असतं. मास्तरनं काहीच विचारलं नाही. त्याचे दोन्ही डोळे खिडकीच्या उजेडात ओले दिसत होते, कारण तसे दिसावेत म्हणूनच दाजींनी त्यांना पॉलिश केलं होतं.