आधी उलट्या पाण्याला

पाण्याच्या बाबतीत आमच्या आबांचा कायदा एकच. जाताना उलट्या पाण्याला जायचं, येताना पाणीच आणतंय. अंगात दम असतोय तोवर झुंजायचं आणि दमलं की निवांत हातपाय सोडायचे. पंचगंगेच्या घाटावर त्यांनी आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पवायला शिकवली ती ह्याच कायद्यावर. नव्वदच्या दशकातले ते उन्हाळे अजून माझ्या अंगावर काटा आणतात. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, घाटाच्या कट्ट्यावर उभं करायचं आणि मागनं ढकलायचं. वर आणि आवाज, "बुडलास तर मी हाय की!" तो आवाज नदीच्या पल्याड ऐकू जायचा. भीती पाण्याची नव्हतीच हो, भीती त्या आवाजाची होती. पाण्यात गेलेलं परवडायचं.

आबा फौंड्रीत मोल्डर, ओतकामाचे साचे भरणारे. घरात कुणाला काही विचारायची त्यांना सवय नव्हती. मी कुठल्या शाळेत जायचं, कुठली नोकरी धरायची, सगळं ते ठरवणार आणि आम्ही ऐकणार. लग्नाच्या वेळीसुद्धा पोरगी बघून बाहेर पडताना चपला घालता घालताच म्हणाले, "हीच." संपलं. बायको चांगली मिळाली ही गोष्ट वेगळी, पण माझ्या डोक्यात तिडीक जायचीच. माझं डोकंही त्यांच्याच घडणीचं, लगेच तापणारं. त्यामुळं घरात रोजचा आखाडा. रोज मीच चितपट.

पुढं मी कागलच्या एमआयडीसीत लागलो, आम्ही राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि एका सकाळी आबांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, सपाट रस्त्यावर चाला, पण जोतिबाचा डोंगर नाही, वजन उचलायचं नाही, पवायचं तर नावच काढायचं नाही. छातीला ताण पडेल असं काही केलंत तर पुढचं माझ्या हातात नाही, असं ते म्हणाले. आबांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. खाली रिक्षा कुणी आडवी लावली, कुणाच्या दुचाकीचा स्टँड वर करायचा राहिला, एवढ्यावर ओरडायचं. मग हळूहळू तेही बंद झालं. आई एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "त्यास्नी कुठंतरी पाण्याजवळ ने रं. माणूस वाळत चाललाय. पण पाण्यात न्हाय न्यायचं."

कंपनीतल्या एकानं सांगितलं की मालवणच्या पुढं खाडीत कयाक भाड्यानं मिळते. प्लॅस्टिकची लांबट होडी, दोन माणसांची, अंगात लाइफ जॅकेट. बरोबर कुणी नसतं, आपलं आपण वल्हवायचं, किनारा बघत फिरायचं आणि परत यायचं. तिकडं हे तेव्हा नवीनच सुरू झालं होतं. मी म्हटलं, हे झकास आहे. आबा पुढं बसतील, मी मागं वल्हवीन. पाण्यावर बसल्याचं त्यांना समाधान आणि छातीला ताण नाही. निघताना आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, आबांना वल्हं मारू देणार नाही. आई म्हणाली, "तुझं ते ऐकत्यात व्हय?" पण डबा भरून दिला.

गगनबावड्याचा घाट उतरून आम्ही दुपारच्या आत खाडीवर पोचलो. एका बाजूला माडांची दाट रांग, दुसऱ्या बाजूला वाळूची लांब पट्टी, पट्टीपलीकडं समुद्राचा आवाज. पाणी असं हिरवंगार की आबा गाडीतनं उतरले आणि कमरेवर हात ठेवून नुसते बघत राहिले. वर्षभरानं त्यांच्या तोंडावर तो जुना घाटावरचा रुबाब दिसला. मला लेका भरूनच आलं.

कयाकवाला माझ्याच वयाचा. त्यानं आमच्या जॅकेटांचे पट्टे आवळले आणि आबांना म्हणाला, "काका, आता भरती चालू आसा. आत खाडीत फिरा, तोंडाकडे जाव नकात. मगे पाणी..."

आबांनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "पावणं, पाणी आम्हाला नगा शिकवू. पंचगंगेला पूर असताना पल्याड जाऊन आल्याली माणसं हाय आम्ही."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी खांदे उडवले. आबांना आडवं बोलायचं म्हणजे काय असतं ते त्याला काय सांगणार? त्यानं दोन वल्ही दिली. मी म्हटलं, एकच द्या. आबा उसळले, "का? मी काय मांडवातला नवरदेव हाय नुस्ता बसायला? मांडीवर ठेवतो. मारत न्हाय." वल्हं घेतलं आणि जाऊन पुढं बसले. मी मागं. म्हणजे मला त्यांची पाठ दिसणार, तोंड नाही.

पाणी समुद्राकडनं आत खाडीत चाललं होतं. भरतीच ती. आबांनी एक वाळकं पान पाण्यात टाकलं, ते कुठं जातंय ते बघितलं आणि हुकूम सोडला, "पाणी आत चाललंय. म्हंजे आपण भाईर जायाचं. आधी उलट्या पाण्याला. येताना आणतंय की ते."

मला पटलं. खरं सांगतो, मला शंभर टक्के पटलं. आमच्या नदीत पाणी एकाच बाजूला जातं. सकाळी जिकडं जातं तिकडंच संध्याकाळी जातं आणि आजा पवायचा तेव्हाही तिकडंच जात होतं. दुपारी त्याचं मन बदलेल आणि ते माघारी वळेल, हे कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यात यावं कुठनं? भरती-ओहोटी आम्ही पुस्तकात वाचलेली. पुस्तकातलं कोण होडीत घेऊन बसतंय?

सुरुवातीला मजा आली. पाण्याचा जोर फारसा नव्हता, वल्ह्याला वल्हं बरोबर पडत होतं. वाळूच्या पट्टीवर पांढरे पक्षी ओळीनं बसलेले. माडांच्या खाली कुणीतरी जाळं वाळत टाकलेलं. आबा बोलायला लागले. वर्षभराचं साठलेलं सगळं बोलले. घाटावर कोण कसा गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायचा, कोण पाण्याला भिऊन पळून गेलता, मी पहिल्या दिवशी किती रडलो. "तुझ्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं हुतं त्यापायी," म्हणाले आणि हसले. त्यांचे खांदे हसताना हलत होते. मला वाटलं, घरी गेल्यावर आईला आधी हेच सांगायचं.

खाडीचं तोंड जवळ आलं तशी लाटा फुटायची पांढरी रेघ दिसायला लागली. पलीकडं उघडा समुद्र. आबा म्हणाले, "बास. फिरव." मी कयाक वळवली, तोंड आत खाडीकडं केलं आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. आबांनी मान मागं टाकली. "आता बघ, पाणी कसं नेतंय."

पाणी काही नेईना. होडी जागच्या जागी. बरं, थांबलं असेल, असं म्हणून आम्ही डबा उघडला, थोडी धपाटी खाल्ली. मग माझं लक्ष काठावरच्या एका वाकड्या माडाकडं गेलं. मघाशी तो आमच्या मागं होता. आता शेजारी आला होता. बघता बघता पुढं गेला. म्हणजे आम्ही मागं चाललो होतो. लाटांकडं.

"आबा, आपण मागं चाललोय."

"वाऱ्यानं असंल. मार दोन हात."

दोन काय, मी वीस मारले, पन्नास मारले. वाकडा माड हलेना. जरा थांबलो की तो पुढं सरके. आता पाण्याला भलतीच ओढ आलेली, होडीच्या पोटाखालनं खळखळ ऐकू यायची. आत गेलेली सगळी खाडी बाहेर निघाली होती आणि तिच्याबरोबर आम्ही. माझ्या दंडात गोळे आले, तळहाताचं कातडं निघालं. पंचगंगेत असतो तर आडवं कापून काठाला लागलो असतो, पण इथं जरा आडवी केली की होडी कलंडायला बघे. मागं लाटांचा आवाज वाढत चालला. तेवढ्यात आबांनी वल्हं उचललं.

"ठेवा ते खाली!" मी ओरडलो. असा ओरडलो की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. जन्मात कधी त्यांच्यावर असा ओरडलो नव्हतो. "ठेवा म्हणतो न्हवं! मरायचंय का?"

आणि त्यांनी ठेवलं. लगेच ठेवलं. मला वाटलं होतं उलटा हाणतील, "गप बस" म्हणतील. मी त्याची वाट बघत होतो. मी एकटा वल्हवत राहिलो आणि तो माड पुढं पुढं जात राहिला. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं. आबांनी वल्हं मारलं तर त्यांची छाती, नाही मारलं तर आम्ही दोघंही त्या पांढऱ्या रेघेत. जॅकेट होतं, पण लाटेनं उलटंपालटं केल्यावर त्या छातीत काय उरणार होतं? रडू येत होतं मला. चिडीनं, दुसरं काही नाही. पाण्यावर चीड, स्वतःवर चीड, त्या पाठीवर चीड. तोंड दिसत नव्हतं ना त्यांचं. कळ येतेय का, घाम फुटलाय का, काही कळत नव्हतं.

तेव्हा मान न वळवता ते बोलले. एकदम हळू.

"सांग लेका. मी मारू का नगो?"

माझा बाप मला विचारत होता. आयुष्यात पहिल्यांदा. आणि विचारत होता ते काय, तर जिवाची जोखीम घेऊ का नको. मागं एक मोठी लाट फुटली, तिचं पाणी माझ्या मानेवर उडालं, आणि माझ्या तोंडातनं शब्द गेला, "मारा."

मारलं त्यांनी. ते जुने खांदे, फौंड्रीतले, वर खाली व्हायला लागले. मी त्यांच्या पाठीवर डोळे लावून वल्हवत होतो आणि मनात जोतिबाला हाका घालत होतो. माड थांबला. नुसता थांबला, मागं काही येईना. आम्ही दोघं मिळून एवढंच करू शकत होतो, होतो तिथंच राहायचं. आबांचा श्वास मला मागं ऐकू येत होता. फाटल्यासारखा. आता थांबा म्हणावं तर वाहून जाणार, मारा म्हणावं तर हा श्वास. मी वल्हं मारत राहिलो. तो वेळ कसा गेला ते माझं मला ठाऊक.

मग इंजिनाचा आवाज आला. कयाकवालाच होता, मोठी होडी घेऊन. आम्ही उलट्या बाजूला वळलो तेव्हापासूनच तो आमच्यावर डोळा ठेवून होता, पण इंजिन चालू व्हायला वेळ लागला म्हणे. त्यानं दोर टाकला. आम्हाला वर ओढून घेतलं, कयाक मागं बांधली. शिव्या देईल म्हटलं, तर आबांच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "काका, तुमी बसा." आबा बसले. ओठ पांढरे पडलेले. मी नाडी धरून बसलो, जशी काय मला ती कळत होती.

छातीला काही झालं नव्हतं. कोल्हापुरात आल्या आल्या दवाखान्यात नेलं, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. आई देवापुढं दिवा लावायला धावली. मी कोपऱ्यात जाऊन रडून घेतलं. वाचले म्हणून.

पण त्या दिवसापासून आबा विचारायला लागले. गोळी आत्ता घेऊ का जेवल्यावर? आज अंघोळ करू का? हा सदरा घालू का तो? टीव्ही बंद करू? सुरुवातीला बरं वाटलं. आई म्हणायची, चला, एकदाचे सुधारले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वडिलांना छान समजावलंत. पाव्हणेरावळे कौतुक करायचे, पोरानं बापाला माणसात आणलं. मी मुद्दाम भांडण उकरून काढायचो. रिक्षा आडवी लावलेली दाखवायचो, म्हणायचो, "बघा की आबा, कशी लावलीय." ते बघायचे आणि म्हणायचे, "सांगू का त्याला? का नगो?"

एकदा त्यांना घेऊन राजारामपुरीतल्या मेन रोडवर आलो होतो, डोळे तपासायला. रस्ता ओलांडायचा होता. हा माणूस नुसता हात वर करून के.एम.टी.ची बस थांबवायचा आणि मधनं चालत जायचा. आता त्यांनी माझा दंड धरला, "जाऊ या का?" दुचाक्या सुसाट चाललेल्या. मी म्हटलं, "थांबा." फोन वाजला, कंपनीचा होता, बोलता बोलता जरा वाट मोकळी झाली तसा मी पलीकडं गेलो. बोलणं संपलं आणि शेजारी बघितलं तर आबा नाहीत.

ते रस्त्याच्या आधीच्याच बाजूला होते. फुटपाथच्या कडेला, जिथं सोडले तिथंच. मधे रस्ता चांगला मोकळा झाला होता, बायकापोरं निवांत ओलांडत होती. ते माझ्याकडं बघत उभे. मी थांबा म्हटलं होतं, आणि चला म्हणायचं राहिलं होतं.

"या की आबा!" मी ओरडलो. तोवर परत गाड्या सुरू झाल्या. त्यांनी मान पुढं काढली, हात कानामागं नेला आणि तिथनंच काहीतरी विचारलं.